घराच्या गच्चीवरून कॅलिफोर्निया तेजोमेघ : ६० मि.मी.ची दुर्बीण कमी पडते आहे का?

धूसर

नमस्कार मंडळी,

ययाती तारकासमूहातला एनजीसी १४९९, म्हणजे कॅलिफोर्निया तेजोमेघ, घराच्या गच्चीवरून टिपायचा प्रयत्न चालू आहे. दुर्बीण ६० मि.मी. व्यासाची, भिंगाची. नाभीय अंतर ३६० मि.मी., म्हणजे एफ/६ (नाभीय अंतर भागिले व्यास). कडेचे तारेही नीट यावेत म्हणून मागे फील्ड फ्लॅटनर आहे. कॅमेरा साधा एपीएस-सी डीएसएलआर, आत काहीही बदल केलेला नाही. माउंट विषुववृत्तीय, म्हणजे ताऱ्यांसोबत फिरणारा, त्याची चूक सुधारणारं गाइडिंग चालू असतं आणि तारे गोल येतात. फिल्टर कुठलाही नाही.

आकाश शहरी. मृगाचे मुख्य तारे छान दिसतात, पण कृत्तिका मोजायच्या म्हटल्या तर नजर ताणावी लागते.

६० सेकंदांच्या फ्रेम, आयएसओ ८००, सगळं मिळून साधारण दोन तास. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) लावून स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र केल्या. हाती आलं ते असं : एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे पसरत गेलेला तपकिरी-नारिंगी उजेड, त्यावर तारे. स्ट्रेच (अंधुक भाग उजळवणं) फार वाढवला की मेनकिब या जवळच्या ताऱ्याच्या उत्तरेला लालसर पट्टा आहे असं वाटतं. थोड्या वेळाने तेच चित्र पुन्हा उघडलं की वाटतं, हा उजेडाचाच उतार असावा.

याच साहित्यावर मृगातला मोठा तेजोमेघ काही मिनिटांत सुंदर येतो. म्हणून प्रश्न पडला आहे. अंधुक तेजोमेघांसाठी किमान २०० मि.मी.ची दुर्बीण लागते असं मला सांगण्यात आलं. खरंच तसं आहे का? की एक्स्पोजर वाढवायला हवं? आणि तो लाल पट्टा खरा आहे की नाही, हे ओळखायचं कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी मला पुष्कळ वाटेल.

ध्रुवमत्स्य

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सगळ्या फ्रेमचे दोन गट करा. शक्य असेल तर दोन वेगळ्या रात्रींचे करा आणि त्या दोन रात्रींच्या फ्रेम तेजोमेघ आकाशाच्या वेगवेगळ्या भागात असताना घेतलेल्या असतील तर फारच उत्तम. दोन्ही गट स्वतंत्रपणे स्टॅक करा, सारखेच स्ट्रेच करा आणि एकावर एक ठेवून आलटून पालटून बघा. तेजोमेघ ताऱ्यांना चिकटलेला असतो. उजेडाचा उतार क्षितिजाला, शेजारच्या दिव्यांना, चंद्राला चिकटलेला असतो. दोन्ही चित्रांत ताऱ्यांच्या संदर्भात जे जागचं हललं नाही, ते आकाशातलं. जे सरकलं किंवा ज्याची दिशा बदलली, ते इथलं. नंतर अलादिन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएसएस या आकाश सर्वेक्षणातलं तांबडं चित्र उघडून तुलना करा. पण आधी स्वतःच्या दोन गटांची तुलना करा, कारण तयार चित्र एकदा डोळ्यांत बसलं की आपल्या नॉइजमध्येही तोच आकार दिसायला लागतो.

आता दुर्बिणीबद्दल. या वस्तूसाठी तुमची दुर्बीण लहान नाही, नेमकी आहे. एनजीसी १४९९ ची लांबी जवळजवळ अडीच अंश, म्हणजे पाच पूर्ण चंद्र ओळीने मांडले तर जेवढी होईल तेवढी. ३६० मि.मी.वर एपीएस-सी सेन्सरला साधारण साडेतीन अंश गुणिले अडीच अंश एवढा आकाशाचा तुकडा मिळतो. तेजोमेघ लांबट बाजूवर आडवा बसतो, भोवती श्वास घ्यायला जागा राहते, मेनकिबही चौकटीत येतो. तोच कॅमेरा २०० मि.मी. व्यासाच्या एफ/१० दुर्बिणीला लावला, तर २००० मि.मी. नाभीय अंतरावर लांबट बाजूला जेमतेम दोन-तृतीयांश अंश मिळेल. पूर्ण तेजोमेघासाठी मोझॅकचे डझनभर तुकडे जोडावे लागतील. शिवाय पसरट वस्तूचा दर पिक्सेलला मिळणारा प्रकाश एफ-आकड्यावर ठरतो. एफ/१० वर तो एफ/६ च्या तुलनेत ३६ टक्केच राहतो.

मग अडतंय कुठे? आकाशाच्या उजेडात, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या आतल्या एका काचेत.

हा तेजोमेघ जवळजवळ सगळाच हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत चमकतो, ६५६.३ नॅनोमीटरला. मेनकिब हा अतितप्त ओ-वर्गाचा तारा त्या वायूला आयनित करतो आणि इलेक्ट्रॉन परत जागेवर येताना ती रेषा सोडतात. डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर जो फिल्टर बसवलेला असतो, तो माणसाच्या डोळ्याला रुचतील असे रंग यावेत म्हणून तांबड्याच्या टोकाला प्रकाश कापतो. ६५६ वर तो साधारण पाव भागच आत सोडतो. मृगातला तेजोमेघ इतका प्रखर आहे, आणि त्यात ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाशही इतका आहे, की त्याला हे नुकसान जाणवत नाही. कॅलिफोर्नियाला जाणवतं.

आकडे धरून बघू. हे मी समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या आकाशात ते वेगळे असतील. समजा तुमच्या सगळ्या फ्रेम मिळून एका पिक्सेलवर आकाशाच्या उजेडाचे १०,००० इलेक्ट्रॉन जमले आणि तेजोमेघाचे ५०. सरासरी १०,००० आपण सहज वजा करू शकतो. पण फोटॉन यदृच्छेने येतात, त्यामुळे त्या दहा हजारांत त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १०० ची, चढउतार असतेच आणि ती वजा होत नाही. ५० चा संकेत आणि १०० चा नॉइज. तुम्हाला दिसतोय तो ‘आहे-नाही’ पट्टा म्हणजे हेच.

वेळ चौपट केला तर संकेत २००, आकाश ४०,०००, नॉइज २००. गुणोत्तर अर्ध्यावरून एकावर आलं. चौपट जागरणाने दुप्पट फायदा. हे नेहमीच लागू आहे आणि त्यातून सुटका नाही.

आता ७ नॅनोमीटर रुंदीचा ड्युअल-बँड फिल्टर, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोनच अरुंद पट्ट्या आत सोडणारा, लावा. तांबड्या पिक्सेलची नैसर्गिक रुंदी साधारण १०० नॅनोमीटर. त्यातले सातच उरले आणि तेही कॅमेऱ्याची काच पाव भागच सोडते त्या जागेवरचे. आकाशाचे १०,००० घसरून १७५ च्या आसपास येतील. तेजोमेघाचे ५० तसेच राहतील, कारण ते सगळे त्या सात नॅनोमीटरांतच आहेत. एकूण २२५, वर्गमूळ १५. ५० भागिले १५, तीनाच्या वर. त्याच दोन तासांत.

आणि कॅमेऱ्याची आतली काच बदलून घेतली, तर आकाश आणि तेजोमेघ दोन्ही चौपट : ७०० आणि २००. एकूण ९००, वर्गमूळ ३०, गुणोत्तर साडेसहाच्या वर. आधी अर्धं होतं.

म्हणून मोठी दुर्बीण घ्यायचा विचार मनातून काढा. आधी फिल्टर, मग कॅमेऱ्यातला बदल, आणि या दोन्हींआधी, आजपासूनच, अधिक तास.

मध्यमंडल

ध्रुवमत्स्य यांच्या हिशेबाशी सहमत. एफ-आकड्याच्या मुद्द्याला फक्त एक पुरवणी जोडतो, कारण यावरून नवीन लोकांचा गोंधळ होतो.

दर पिक्सेलला मिळणारा प्रकाश एफ-आकड्यावर ठरतो हे खरं, पण पिक्सेल आकाशाचा केवढा तुकडा झाकतो तेही बघायला हवं. आकाशाच्या त्याच एका चौरस विकलेमधून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २०० मि.मी.ची दुर्बीण ६० मि.मी.च्या तुलनेत अकरा पट फोटॉन गोळा करते. तिचे बारीक पिक्सेल नंतर एकत्र केले, तर एफ/१० असूनही ती त्या तुकड्यापुरती पुढेच राहील. म्हणजे एखादा छोटा ग्रहीय तेजोमेघ असेल तर मी मोठीच दुर्बीण वापरेन. इथे मात्र वस्तू अडीच अंशांची आहे आणि मोठ्या दुर्बिणीला ती तुकड्या-तुकड्याने घ्यावी लागेल. प्रत्येक तुकड्याला वेगळा वेळ. ती आघाडी तिथेच संपते.

धूसर, तुमच्या पिक्सेलचं माप आकाशात किती होतं तेही काढून ठेवा : २०६.२६५ गुणिले पिक्सेलची रुंदी मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर मि.मी.मध्ये. ३.७ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर २.१ विकला. याचा अर्थ गाइडिंगची चूक एक विकलेपर्यंत असली तरी तुमच्या चित्रात ती दिसणार नाही. गाइडिंगचा आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून रात्र खर्ची घालू नका.

कृष्णपक्ष

माझ्याकडे जवळपास अशीच जोडणी आहे, म्हणून दोन व्यवहारातल्या गोष्टी.

डिदरिंग चालू करा. दर दोन-तीन फ्रेमनंतर माउंटला थोडं, यदृच्छ दिशेने सरकवायचं. गाइडिंगचं सॉफ्टवेअर हे स्वतः करतं. डीएसएलआरला थंड करायची सोय नसते, त्यामुळे डार्क फ्रेमचं तापमान कधीच नेमकं जुळत नाही आणि स्टॅकमध्ये पावसाच्या तिरक्या सरींसारख्या रेघा उमटतात. डिदर केलं की त्या गायब होतात. माझ्या मते शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्यात डिदरिंग हे डार्कपेक्षा महत्त्वाचं आहे.

दुसरं, तुम्ही डार्क लिहिलंय, फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) लिहिलेलं नाही. फ्लॅटशिवाय अंधुक तेजोमेघाच्या वाटेला जाऊ नका. दुर्बिणीच्या कडांना प्रकाश मध्यापेक्षा कमी पोचतो आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग पडतात. तेजोमेघ आकाशापेक्षा अर्धा टक्का उजळ असेल तर कडेचा वीस टक्क्यांचा फरक त्याला गिळून टाकतो. फ्लॅट घेताना फोकस, कॅमेऱ्याचा कोन आणि फिल्टर जसाच्या तसा हवा. म्हणून रात्रीचं काम संपल्यावर, साहित्य सोडवण्याआधी, तिथेच घ्या.

धूसर

तिघांचेही आभार. ध्रुवमत्स्य, ५० आणि १०० चं गणित वहीत उतरवून घेतलं. मला वाटायचं वजाबाकी झाली की आकाश गेलं.

दोन गटांची चाचणी केली. पट्ट्याचा उत्तरेकडचा भाग दोन्ही गटांत जागच्या जागी आहे! कोपऱ्यातला तपकिरी भाग मात्र फिरला. म्हणजे काहीतरी खरं हाती आलेलं आहे.

कॅमेरा बदलासाठी दिला आहे. फिल्टर आल्यावर एका फ्रेमचं एक्स्पोजर किती ठेवू? ६० सेकंदच पुरेत का? आणि चंद्र असताना सुट्टी घ्यायची का?

ध्रुवमत्स्य

दोन्ही गटांत दिसला ना, मग तो तुमचाच. या प्रकाशाला तुमच्या भिंगापर्यंत यायला हजाराहून जास्त वर्षं लागली आहेत. मला अजूनही प्रत्येक वेळी या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

एक्स्पोजर. प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा थोडा नॉइज मिसळतो, मग फ्रेम एक सेकंदाची असो की दहा मिनिटांची. तो नॉइज आकाशाच्या नॉइजमध्ये बुडून जावा एवढं लांब एक्स्पोजर हवं. त्यापेक्षा लांब करून फायदा जवळजवळ नाही. साधा नियम असा : या वाचनाच्या नॉइजच्या, म्हणजे रीड नॉइजच्या, वर्गाच्या दहापट इलेक्ट्रॉन आकाशातून एका फ्रेममध्ये यायला हवेत. तेवढं झालं की एकूण नॉइज आदर्श स्थितीपेक्षा पाच टक्केच जास्त राहतो.

समजा तुमच्या कॅमेऱ्याचा रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन. वर्ग ९, दहापट ९०. फिल्टर नसताना शहरी आकाशातून सेकंदाला ४ इलेक्ट्रॉन येत असतील तर २३ सेकंदांत काम झालं. तुमची ६० सेकंदांची फ्रेम पुरेशी होती, एक्स्पोजर ही तुमची अडचण नव्हतीच. फिल्टर लावल्यावर तोच दर सेकंदाला ०.३ वर आला, तर ३०० सेकंद लागतील. म्हणून पाच मिनिटांपासून सुरू करा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला दिसला की झालं. आयएसओ ८०० ठेवा, वाढवून प्रकाश वाढत नाही, फक्त तेजस्वी ताऱ्यांचे रंग लवकर जळतात.

चंद्र. हायड्रोजन-अल्फासाठी चंद्र फारसा शत्रू नाही. विखुरलेलं चांदणं निळ्याकडे जास्त असतं आणि ६५६ चा अरुंद झरोका त्यातलं थोडंच आत घेतो. चंद्र तेजोमेघापासून दूर, समजा साठ अंशांपलीकडे, असेल तर काम चालू ठेवा. ययाती आणि वृषभ शेजारी असल्यामुळे चंद्र महिन्यातून काही रात्री कृत्तिकांच्या आसपास येतोच. तेवढ्या रात्री सोडा.

त्याहून महत्त्वाची आहे उंची. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेली वस्तू डोक्यावरच्या वस्तूच्या दुप्पट हवेतून दिसते आणि शहराच्या उजेडाचा घुमट तिथेच सर्वात जाड असतो. एनजीसी १४९९ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वात उंच, येतो. तेव्हाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन तास हे सोन्याचे. मध्यमंडल ओलांडताना माउंट उलटवावा लागेल, त्यानंतर फोकस आणि चौकट दोन्ही पुन्हा तपासा. फोकस तर तासातासाला तपासा. रात्र गार होत जाते तशी नळी आकसते आणि एफ/६ वर चुकीला फार जागा नसते. बाहतिनॉव मास्क (फोकस नेमका दाखवणारी खाचांची जाळी) लावून मेनकिबवरच बघता येतं, वेगळा तारा शोधायला नको.

कृष्णपक्ष

एक विचारतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा अंधाऱ्या जागी जाणं सोपं नाही का? शहरात आकाश दर चौरस विकलेला १८ व्या प्रतीचं असेल आणि अंधाऱ्या जागी २१ व्या प्रतीचं (प्रत जितकी मोठी तितकं अंधारं), तर तीन प्रतींचा फरक म्हणजे सोळापट. तिथल्या एका तासाला इथले सोळा तास.

ध्रुवमत्स्य

दीर्घिकांसाठी, कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुळीसाठी, काळ्या धूलिमेघांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो आणि कुठलाही फिल्टर तो शहराच्या उजेडातून वेगळा काढू शकत नाही. पूर्वी सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेले होते, ते कापता यायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळीकडे सांडतो.

पण एका रेषेत चमकणाऱ्या तेजोमेघाला ७ नॅनोमीटरचा झरोका साधारण तेवढाच, दहा-पंधरापट फायदा घरबसल्या देतो. आणि अंधाऱ्या जागी एका रात्री जाणं आणि घरून महिनाभर जमेल तेव्हा दोन-तीन तास काढणं यांत मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. ज्यांना घर, नोकरी, लहान मुलं सोडून रात्रभर बाहेर राहता येत नाही, त्यांनाही हे आकाश मिळायला हवं. घरून होत नाही असं कोणी नवख्याला सांगितलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

धूसर

बऱ्याच दिवसांनी परत येतोय. बदललेला कॅमेरा, ड्युअल-बँड फिल्टर, पाच मिनिटांच्या फ्रेम, डिदरिंग, फ्लॅट, सगळं तुम्ही म्हणालात तसं. वेगवेगळ्या रात्री मिळून नऊ तास झाले.

स्टॅक उघडला आणि पट्टा समोर! स्ट्रेच न करता नाही, पण थोड्याशा स्ट्रेचमध्येच कडा, आतल्या दुमडी, मेनकिबच्या बाजूची तेजस्वी किनार, सगळं स्पष्ट. घरातल्या सगळ्यांना दाखवलं.

आता प्रक्रियेत अडकलो आहे. पहिलं, ग्रॅक्सपर्ट या सॉफ्टवेअरने उजेडाचा उतार काढला की तेजोमेघही फिका पडतो. दुसरं, निळा-हिरवा चॅनल म्हणजे नुसती वाळू, त्यात तेजोमेघ जवळपास नाहीच. फिल्टर सदोष आहे का? तिसरं, मेनकिबभोवती मोठं फिकट निळं वलय आलंय आणि बाकी तारे विचित्र रंगाचे.

ध्रुवमत्स्य

अभिनंदन! फिल्टर ठीक आहे, काळजी नको.

हा तेजोमेघ ओ-थ्री रेषेत, म्हणजे ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरला, फार क्षीण आहे. गुलाब तेजोमेघाच्या मध्यात किंवा हंसातल्या जाळी तेजोमेघात तोच चॅनल भरून येतो. इथे नाही, ही वस्तूच तशी आहे. डोळ्याने बघणारे लोक या तेजोमेघासाठी ओ-थ्री फिल्टर वापरत नाहीत, हायड्रोजन-बीटा वापरतात, तेही याचमुळे. त्यामुळे तुमच्या चित्राचा खरा ऐवज तांबड्या चॅनलमध्ये आहे. सिरिलमध्ये हायड्रोजन-अल्फा आणि ओ-थ्री वेगळे काढायची स्क्रिप्ट आहे, ती वापरा आणि अल्फाचं चित्र आधी एकटं, काळं-पांढरं, नीट तयार करा.

रंगाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. त्या वाळूला ओढून-ताणून निळा रंग देऊ नका. निळं हवंच असेल तर त्याला भौतिक आधार आहे : जो हायड्रोजन ६५६ ला चमकतो तोच ४८६ लाही चमकतो, अल्फाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने, आणि वाटेतल्या धुळीने त्याहून कमी. तुमचा फिल्टर ४८६ अडवतो. म्हणून अल्फाच्या चित्राचा पंधरा-वीस टक्के भाग निळ्यात मिसळला, तर शुद्ध तांबड्याऐवजी किंचित गुलाबीकडे झुकणारा रंग येतो आणि तो खऱ्या रंगाच्या जास्त जवळचा असतो. चित्रासोबत तसं लिहा म्हणजे झालं.

उतार. चित्राचा मोठा भाग तेजोमेघानेच व्यापला आहे. सॉफ्टवेअरला वाटतं हा मोठा, मऊ, उजळ भाग म्हणजे पार्श्वभूमी, आणि ते तेच वजा करतं. आपोआप बिंदू टाकायला देऊ नका. सिरिलमध्ये बिंदू हाताने टाका, तेजोमेघाच्या बाहेर, कोपऱ्यांत आणि कडांना, थोडेच. बहुपदीची घात एक ठेवा, म्हणजे तिरपी सपाट पातळी फक्त वजा होईल, वळणं नाहीत. त्याहून चांगलं म्हणजे ही एक-घाती वजाबाकी स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेमवर करणं. रात्र पुढे सरकते तसा उताराचा कल बदलतो. एका फ्रेममध्ये तो सरळ असतो, नऊ तासांच्या बेरजेत वेडावाकडा होतो.

तेजोमेघाच्या कडा नक्की कुठे संपतात याचा संशय आला की ती दोन गटांची चाचणी पुन्हा करा. नॉइज घालवणारी नवी साधनं वापरतानाही हाच निकष ठेवा. ती थोडी वापरली तर उपकारक आहेत, पण ती वाळूतून तंतू विणू शकतात. अर्ध्या फ्रेममध्ये दिसलेला तंतू उरलेल्या अर्ध्या फ्रेममध्ये नसेल, तर तो आकाशातला नाही, कितीही सुंदर असला तरी.

मध्यमंडल

वलयाचं मी सांगतो. तो प्रकाश फिल्टर आणि सेन्सर यांच्यामध्ये उलटसुलट परावर्तित होऊन फोकसबाहेर पडतो. मेनकिब चौथ्या प्रतीचा तप्त निळा तारा आहे, म्हणून तुमच्या ओ-थ्री चॅनलमध्ये वलय जास्त आहे. तो चॅनल तेजोमेघासाठी वापरायचाच नाही म्हटल्यावर वलयही बहुतेक आपोआप जाईल.

ताऱ्यांच्या रंगांसाठी फिल्टर काढून एखादी रात्र अर्धा तास द्या, ३० सेकंदांच्या फ्रेम. शहरातूनही ताऱ्यांचे रंग चांगले येतात, ते बिंदू असतात, आकाशाच्या उजेडात तेवढे हरवत नाहीत. बदललेल्या कॅमेऱ्यात रंग तांबड्याकडे झुकतील, सिरिलमधल्या फोटोमेट्रिक रंगसंतुलनाने ते जुळतात. मग अल्फाच्या चित्रातून स्टारनेट या साधनाने तारे काढा, तेजोमेघ स्वतंत्रपणे स्ट्रेच करा आणि शेवटी हे रंगीत तारे त्यावर ठेवा. तेजोमेघासाठी लागणारा जोरदार स्ट्रेच ताऱ्यांवर पडत नाही, ते बारीक राहतात.

धूसर

हाताने फक्त बारा बिंदू टाकले आणि घात एक ठेवली. तेजोमेघ जागेवर राहिला! पश्चिमेकडे एक अंधुक पदर आणखी पुढे जाताना दिसतो. दोन गटांत विभागून बघितला : एका गटात स्पष्ट, दुसऱ्यात अगदी पुसट, पण आहे. अजून तास वाढवले तर तो वर येईल का?

ध्रुवमत्स्य

येईल. नऊचे अठरा केलेत तर नॉइजच्या तुलनेत संकेत साधारण ४० टक्क्यांनी वाढेल आणि दुसऱ्या गटातला पुसटपणाही कमी होईल.

तास वाढवताना जुन्या नऊ तासांतल्या मूळ फ्रेम पुसू नका, फ्लॅटसकट जपा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यातलेही त्यात मिसळता येतील. आधीचं चित्र प्लेट-सॉल्व्ह करून (ताऱ्यांवरून त्याची आकाशातली नेमकी जागा काढून) मध्यबिंदू आणि कॅमेऱ्याचा कोन लिहून ठेवा, दर वेळी कोन अर्ध्या अंशात जुळवा, नाहीतर कडा कापल्या जातात. आणि तो पदर पश्चिमेकडे जातोय ना, मग या वेळी चौकट थोडी पश्चिमेला सरकवा. मेनकिब कडेला गेला तरी चालेल.